पापणी उलटून

बाळाबाई माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसे. ती त्याच्या खालच्या पापणीकडे बघून बोलायची. समोरचा थकला आहे, उपाशी आहे की आजार लपवतो आहे, हे तिला तिथंच सापडायचं. ही सवय मेंढरांनी लावलेली. मेंढरू धडधाकट आहे की आतून पोखरलं आहे, हे लोकरीवरून कळत नाही. अंगठ्यानं खालची पापणी ओढायची आणि आतलं कातडं बघायचं. डाळिंबाच्या फुलासारखं तांबडं असलं तर काळजी नाही. फिकट गुलाबी असलं तर नजर ठेवायची. मळलेल्या पिठासारखं पांढरं दिसलं, की पोटात जंत बसून रक्त पितायत असं समजायचं.

सांगोल्याच्या पलीकडे माळाला टेकून तिची वस्ती. दोन खोल्या, पुढं मेंढरांचं वाडगं, बाजूला शेजारच्या सयाजीची डाळिंबाची बाग. नवरा गुंडा गेल्यावर लोकांना वाटलं होतं, आता ही मेंढरं विकून टाकेल. तिनं उलट दोन वाढवली. रविवारच्या बाजारात तिच्या हातचं मेंढरू व्यापारी तपासत नसत. बाळाबाईनं पापणी बघितली आहे म्हटल्यावर कुणी परत अंगठा लावला, तर तो तिचा अपमान मानला जायचा.

तिचा स्वतःचा मात्र कुणावर विश्वास नव्हता. दुकानातली पेंड ती आधी पाण्यात टाकून बघे, तळाशी माती बसते का म्हणून. टँकरचं पाणी पहिल्यांदा स्वतः चाखे. धनाजीसाठी, म्हणजे तिच्या एकुलत्या एका मुलासाठी, ती रुपालीला बघायला गेली तेव्हा स्वयंपाकाचं विचारलं नाही की शिक्षणाचं विचारलं नाही. पोरीला अंगणात उन्हात उभी केली आणि पापणी ओढली.

रुपालीचा मामा हसत म्हणाला, "सून बगताय का मेंढरू घेताय?"

"मेंढरू घेताना मी दातबी बगते," बाळाबाई म्हणाली. "हिचं नुसतं डोळ्यावर भागवलंय."

लग्न होईपर्यंत पोरीला लोखंडाच्या कढईतली भाजी घाला, एवढं सांगून ती उठली. पुढं कितीतरी दिवस रुपालीच्या माहेरी ही गोष्ट हसून सांगितली जायची. रुपाली हसायची नाही. तिला तो अंगठा आठवायचा. खरखरीत, आणि आश्चर्य वाटावं इतका हलका.

धनाजी चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. पॉलीहाऊसवर घालायचा प्लास्टिकचा कागद तयार करणारा कारखाना होता तो. सोलापुरात खोली घेऊन राहायचा, महिन्यातून एकदा गावी यायचा. रुपाली सासूजवळ राहिली, कारण बाळाबाईचे गुडघे गेले होते आणि मेंढरांमागं फिरणारं दुसरं कुणी नव्हतं. दर खेपेला धनाजी एकच म्हणायचा, की मेंढरं विक आणि आपण तिघं सोलापुरात राहू. दर खेपेला ती विचारायची, तिथं मी कुणाच्या पापण्या बघू?

त्या उन्हाळ्यात वाडग्याचं छप्पर वादळानं फाटलं. धनाजीनं ओळखीच्या टेंपोतून एक गुंडाळी आणली. कारखान्यात नव्या जातीच्या कागदाची चाचणी चालली होती. त्यातल्या एका गुंडाळीची कड जाडबारीक झाली, म्हणून ती बाजूला काढली आणि कामगारांना वाटून टाकली. कागद नारंगी होता, पण नुसता नारंगी नव्हता. उन्हात धरला की त्याची कड आतून पेटल्यासारखी तांबूस उजळायची.

बाळाबाईनं तो नखानं खरवडला, वास घेतला, आणि विचारलं, की हे आतनं पेटतंय काय?

धनाजीनं त्याला कारखान्यात सांगितलं होतं तसं सांगितलं. मोबाईल, टीव्हीच्या आत ज्या जातीचा पदार्थ असतो, त्या जातीचे स्फटिक या प्लास्टिकमध्ये कालवलेले आहेत. इतके बारीक, की धुळीचा कण त्यांच्यापुढं डोंगर. उन्हातला जांभळा-निळा भाग ते गिळतात आणि तांबडा करून खाली सोडतात. पिकाच्या पानाला तांबडं ऊन जास्त मानवतं, म्हणून ही खटपट. आणि गंमत अशी, की कण अगदी लहान ठेवले तर ते हिरवा उजेड देतात, जरा मोठे वाढू दिले की तांबडा. पदार्थ तोच.

"वस्तू तीच आन वाडली की रंग बदलती," बाळाबाई म्हणाली. "मग ती मानसाच्याच जातीची की."

छप्पर घालताना धनाजी शिडीवरून आणखी एक बोलला. मेंढरं आहेत तोवर हे छप्पर पुरेल, मग तू माझ्यासंगं चल. तो हसत बोलला होता. खाली उभ्या बाळाबाईनं ते हसू बाजूला काढलं आणि शब्द तेवढे ठेवून घेतले.

नव्या छपराखाली सगळं बदललं. पांढरं मेंढरू मधाच्या रंगाचं दिसायचं. शेणाला, दोरीला, पाण्याच्या डोणीला, सगळ्यांनाच मावळतीची झाक आली. पहिले दोन-तीन दिवस ते डोळ्यांत भरलं. मग डोळे त्याला सरावले आणि तांबडं दिसेनासं झालं. उलट वाडग्यातून बाहेर आलं की माळच क्षणभर निळसर भासायचा. बाळाबाई कपाळावर हात धरून उभी राहायची, निळं ओसरेपर्यंत.

त्या वर्षी पाऊसही नेहमीसारखा तोंड दाखवून गेला नाही. आमच्याकडे ज्या ओढ्यात बाभळी उगवतात, तो ओढा श्रावण सरला तरी वाहत राहिला. गवत गुडघ्याला लागलं. मेंढरांनी असं वर्ष कधी बघितलं नव्हतं. गवतावरचं दहिवर सुकल्याशिवाय मेंढरं सोडायची नाहीत, हा नियम बाळाबाईनं पाळला. ऊन वर येईपर्यंत ती वाडग्याच्या तोंडाशी छपराखाली बसायची आणि एकेकीची पापणी बघायची. मग रुपाली त्यांना माळावर न्यायची.

पहिल्यांदा काळ्या कानाची मेंढी मागं राहू लागली. मग तिच्या जबड्याखाली पाण्यानं भरल्यासारखी सूज आली. बाळाबाईनं पापणी ओढली. तांबडी होती. रुपाली म्हणाली, की माहेरी असं झालं की जंताचं औषध पाजतात. दवाखान्यातून आणू का?

"जंत असते तर डोळा पांडरा पडला असता," बाळाबाई म्हणाली. "बग की. रगातानं भरलाय."

रुपालीनं बघितलं. तिलाही तांबडाच दिसला. मेंढी चौथ्या दिवशी मेली. मागोमाग एक तरणी मेंढी गेली, मग दोन कोकरं. पापण्या सगळ्यांच्या तांबड्या. रक्त आहे आणि जनावर मरतंय, याचा बाळाबाईच्या लेखी एकच अर्थ होता. कुणीतरी विष घालतंय.

पहिला संशय सयाजीवर. त्याच्या बागेत फवारणी चालली होती आणि बांधावरचं गवत मेंढरं खायची. ती बांधावर गेली आणि कुठलं औषध, कधी मारलं, वारा कुठला होता, असं विचारू लागली. सयाजीला सरळ विचारलं असतं तर राग आला नसता; हे आडून विचारणं त्याला झोंबलं. या मेंढरांचं लेंडीखत त्याच्या बागेत पडायचं. ती मेली तर त्याचंही नुकसान होतं. तो तिच्यासोबत वस्तीवर आला, देवळीतल्या बिरोबासमोर बसला आणि भंडारा उचलला. आमच्याकडे हळदीचा हा भंडारा मुठीत घेऊन खोटं बोलत नाहीत. बोललं, तर घराला बाधतं. सयाजीनं कपाळाला बोट लावलं आणि निघताना म्हणाला, "बाळाआक्का, माझं झालं. आता घरच्यांना बसवा."

ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं राहिलं.

घरची म्हणजे रुपाली. रुपालीला न सांगता बाळाबाई दोन दिवस गुडघे ओढत तिच्या मागं माळावर गेली आणि टेकाडाआड बसून बघत राहिली. रुपालीला ते कळलं. तिनं वळून बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच भाकरीचं फडकं टेकाडाजवळ आणून ठेवलं आणि म्हणाली, "आत्याबाई, लपायचंच हाय तर सावलीत तरी बसा."

त्यानंतर बाळाबाईनं तिच्यावरचा संशय सोडला, की फक्त बाजूला ठेवला, हे सांगता येत नाही. पण तिची नजर वर गेली. छपराकडे.

सकाळी कागदाच्या आतून दव ठिबकायचं. तिनं खाली भांडं ठेवलं, साठलेलं पाणी एका कोंबडीला पाजू लागली. कोंबडी टुणटुणीत राहिली, वर अंडी देऊ लागली. बाळाबाईला त्यात काही नवल वाटलं नाही. कोंबडीचं पोट कशानं बिघडतंय, म्हणाली. उन्हाला गिळून दुसऱ्याच रंगाचं करून सोडणारी वस्तू. तिच्या पोटात आणखी काय असेल ते कुणाला ठाऊक? आणि ती कुणी आणली? कुणी म्हटलं होतं, मेंढरं आहेत तोवर छप्पर पुरेल म्हणून? ही मेंढरं संपली तर कुणाच्या मनासारखं होणार होतं?

असा विचार आईच्या मनात येतो, तेव्हा तो आवाज करत नाही. ती नेहमीसारखी भाकऱ्या थापत राहिली. धनाजी आला त्या दिवशी तिनं त्याला जेवायला वाढलं नाही, आधी देवळीपुढं पाट मांडला.

धनाजीनं भंडाऱ्याची वाटी बघितली, मग तिच्याकडे बघितलं. कागदात विषारी काही नाही, कणांवर कवच असतं, ते प्लास्टिकात पुरलेले असतात, हे तो आधी नीट समजावून सांगू लागला. ती ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर तिनं वाटी पुढं सरकवली.

"सयाजीनानानं उचलला, कारन तो परका हाय," धनाजी म्हणाला. "मी न्हाय उचलनार."

"मन निर्मळ हाय तर हात का भाजतोय?"

"आये, तू मला मेंढरं मारनारा म्हनतीस."

"मी काय म्हनत न्हाय. भंडारा उचल, बग काय म्हनतो ते."

तो उठला. रुपाली चुलीपाशी उभी होती. तिनं नवऱ्याला अडवलं नाही आणि सासूला बोलली नाही. धनाजीनं चपला घातल्या. परत बोलावशील तेव्हाच येईन, असं बाहेरूनच म्हणाला आणि न जेवता गेला. बाळाबाईच्या दृष्टीनं गोष्ट संपली होती. खऱ्याला भंडाऱ्याचं भय नसतं. तिनं मनाशी दोन निर्णय घेतले. येत्या रविवारी चांगल्या दिसणाऱ्या मेंढ्या विकायच्या, निदान त्या तरी वाचतील. आणि मुलाला बोलवायचं नाही.

मेंढ्या विकायच्या म्हणजे कळपाचा कणाच काढायचा. राहिलेल्या कोकरांवर वाडगं चालत नाही. हे ती जाणून होती. शनिवारी तिनं एकेक मेंढी निवडली. ऊन छपरावर आलं होतं. सगळ्यांच्या पापण्या तांबड्या. त्यातल्या सगळ्यांत तांबड्या तिनं बाजूला बांधल्या.

बाजारात बसू भेटला. अक्कलकोटकडचा हा व्यापारी वर्षानुवर्षं तिच्याकडून मेंढ्या नेत होता. तो सवयीनं दोरी हातात घेऊन निघालाच होता. मग थांबला. पहिली मेंढी चालताना त्याला अडखळल्यासारखी वाटली. त्यानं संकोचून बाळाबाईकडे बघितलं आणि, जे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. खाली बसून मेंढीची पापणी ओढली. दुसरीची ओढली. तिसरीची.

"अव्वा," तो हळू आवाजात म्हणाला, "हेंच्या अंगात रगातच न्हाय की."

भोवतीची दोन-चार माणसं वळली. बाळाबाईला वाटलं, हा भाव पाडतोय. तिनं त्याला बाजूला सारलं आणि स्वतः अंगठा लावला. उघड्या माळावरच्या स्वच्छ उन्हात पापणीच्या आत पांढरं होतं. थेट मळलेल्या पिठासारखं. तिनं मेंढीच्या कानावरची खूण बघितली, दोरी बघितली. वाटेत कुणी मेंढ्या बदलल्या की काय, हाही विचार तिच्या मनात येऊन गेला. खूण तिचीच होती.

 बसूच्या पलीकडचा एकजण पुटपुटला, की म्हातारीनं जुन्या नावावर आजारी माल खपवायला आणला. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांकडे ज्या नजरेनं बघितलं होतं, त्या नजरेनं आता सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं दोऱ्या गोळा केल्या. परतीच्या टेंपोत मेंढ्यांच्या मध्ये बसून ती सारखी पापण्या ओढत राहिली. पांढऱ्या. पांढऱ्या. सगळ्याच.

वस्तीवर उतरल्यावर तिनं एक मेंढी ओढत वाडग्यात नेली. ऊन अजून होतं. छपराखाली पोचल्यावर लगेच पापणी उलटली. रंग चढला होता. ती थांबली. मेंढीला बाहेर आणलं, पांढरी. आत नेलं, तांबडी. पुन्हा बाहेर. मेंढी कंटाळून पाय रोवू लागली. रुपाली दारातून हे बघत होती. मग ती आली, दुसऱ्या बाजूनं मेंढी धरली, आणि दोघींनी मिळून तिला छपराच्या कडेवर उभी केली, अर्धी आत, अर्धी उन्हात. बाळाबाईनं स्वतःचा तळहात पुढं केला. बोटं उन्हात होती, सुरकुतलेली, राखेच्या रंगाची. मनगट छपराखाली होतं, तिथं हात तरण्या बाईचा वाटत होता.

कागदानं कुणालाच काही घातलं नव्हतं. धनाजीनं सांगितलं होतं तेच तो करत होता. निळं गिळत होता, तांबडं देत होता, पानाला आणि पापणीला सारखंच. ओल्या वर्षाच्या गवतातून जंत आले होते आणि रोज सकाळी, नेमक्या त्या उजेडात बसून, ती मेंढरांना चांगलं म्हणत होती.

रुपालीनं मेंढी सोडली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"आता भंडारा कुनी उचलायचा, आत्याबाई?"

 बाळाबाई ओसरीच्या कडेला जाऊन बसली. थोड्या वेळानं तिनं रुपालीला सांगितलं, की सांगोल्याहून औषध आण, जेवढं म्हणतील तेवढं. रुपाली गाडी काढून गेली. परत आल्यावर दोघींनी एकेका मेंढीचं तोंड वर धरून औषध पाजलं. बाळाबाई जबडा धरायची, रुपाली ओतायची. पुढच्या आठवड्यात आणखी दोन मेल्या. बाकीच्यांच्या पापण्या आधी गुलाबी झाल्या, मग गुलाबीच्या पुढं सरकू लागल्या. आता त्या उन्हातच बघितल्या जात. रुपालीनं वाडग्याच्या तोंडाशी छपरातला एक चौकोन विळ्यानं कापून काढला. तिथं पांढरं ऊन पडायचं आणि मेंढरं त्या चौकोनातून एकेक बाहेर पडायची. बाकी कागद तसाच राहिला. बाळाबाईनं तो काढू दिला नाही. पाऊस तर अडतो, म्हणाली. पण त्याच्याखाली बसून ती आता कशालाच चांगलं म्हणायची नाही. रुपालीनं दूध आणलं तर ते बाहेर नेऊन बघायची, ज्वारी निवडायची तर बाहेर बसून.

सयाजीकडे ती स्वतः गेली. बांधावर उभी राहून लेंडीखत कधी टाकू एवढंच विचारलं. त्याला समजलं. त्यानं झाडावरची दोन डाळिंबं तोडून तिच्या हातात दिली. तिनं ती उलटून-पालटून बघितली, मगच ओच्यात टाकली. सयाजी हसला.

धनाजीला मात्र तिनं बोलावलं नाही. फोन हातात घ्यायची आणि रुपालीकडे परत द्यायची. रुपालीनं त्याला सगळं सांगितलं आहे, हे तिला ठाऊक होतं. त्यानं ऐकलं आणि 'बरं' म्हणाला, एवढं तिला रुपालीकडून कळलं होतं. त्या 'बरं'चा अर्थ ती दिवसभर उलटून बघायची. रागाचं होतं? दुखऱ्या मनाचं होतं? की आता काही वाटतच नाही असं? आवाजाला पापणी नसते.

देवळीतली भंडाऱ्याची वाटी तिथंच होती. एका सकाळी तिनं ती उचलली, वाडग्यात जाऊन भंडारा मेंढरांवर उधळून टाकला आणि रिकामी वाटी घासून पालथी घातली. मग रुपालीला म्हणाली, "त्याला म्हनावं, ये. मी बोलावलंय म्हनून सांग."

तो दुसऱ्या दिवशी आला. पिशवी खाली ठेवली, आईच्या पाया पडला, आणि वाडग्यात छपराखाली जाऊन मेंढरं बघत उभा राहिला. तिथल्या उजेडात त्याचा चेहरा भरलेला, तुकतुकीत दिसत होता. बाळाबाई काठी टेकत त्याच्यापर्यंत गेली. हात वर केला आणि मध्येच थांबवला.

"हितं नको," ती म्हणाली. "उनात ये."

तो तिच्यामागून कापलेल्या चौकोनात आला. उंच होता, गुडघ्यांत वाकला, लहानपणी वाकायचा तसा. तिनं अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढली आणि बघत राहिली. एका मेंढराला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. रुपाली शेजारीच उभी होती. तिलाही ती पापणी दिसत होती. चांगली तांबडी होती, डाळिंबाच्या फुलासारखी.

"रगात कमी हाय," बाळाबाई म्हणाली. "धा-पंदरा दिस ऱ्हा हितं. खाऊनपिऊन मग जा."

धनाजीनं रुपालीकडे बघितलं. रुपालीनं पदर खोचला, आणि लोखंडाची कढई काढायला आत गेली.